मामांचा कोट नाशिकला जातो

तुम्ही हसणार हे मला ठाऊक आहे. आमच्या परळच्या चाळीत हा किस्सा इतके जण इतक्यांदा हसलेत, की आता मी सांगायला लागलो की लोक आधीच हसून घेतात! पण चहा मागवलाच आहे, तर ऐका. माणूस आपल्या हाताने आपलं वाटोळं कसं करतो, तेही चांगला जाडा ब्रश घेऊन, हे दुसरीकडे कुठे ऐकायला मिळणार?

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. मी एका गिरणीच्या ऑफिसात कारकून, वय पंचवीस, अंगात रग भरपूर आणि अक्कल बेताची. रोज संध्याकाळी कुठे ना कुठे सभा, मोर्चा, घोषणा. माझा घसा सदा बसलेला. साहेबाने काही विचारलं की मी मान हलवायचो आणि तो समजायचा, काय नम्र मुलगा आहे!

आता माझी कीर्ती सांगतो. गाडीत जागा पकडण्यात अख्ख्या परळमध्ये माझा हात कुणी धरत नसे. पुण्याची मोटार म्हणजे स्वस्तातला प्रवास, त्यामुळे गर्दी ही अशी! पण खिडकीतून सीटवर रुमाल पडला की ती जागा रुमालवाल्याची, हा कायदा तुम्हालाही ठाऊक आहे. सरकारचे कायदे मोडणारी माणसंसुद्धा हा कायदा पाळतात. माझा नेम असा, की चालत्या गाडीतही रुमाल खिडकीजवळच्या सीटवरच पडायचा. चाळीत कुणी गावी निघालं की निरोप यायचा, "वसंताला पाठवा, जागा पकडायला."

तर एका शनिवारी अर्ध्या दिवसाने सुटलो आणि चाळीतला दत्ता भेटला. हातात डांबराची बादली!

"चल रे वश्या. दादरला मोटार स्टँडवर. गाड्यांवर 'मुंबई राज्य' लिहिलंय ना, ते पुसायचं."

ब्रश मीच घेतला. गाड्यांच्या कपाळावर दोन ओळी होत्या. वर 'मुंबई राज्य', खाली गावाचं नाव. दत्ता मागून ओरडत होता, "वरची ओळ फक्त! वश्या, वरची फक्त रे!" पण मला अर्धवट काम मुळी आवडतच नाही. एका गाडीचं कपाळ काळं केलं, दुसरीचं केलं, दोन्ही ओळी साफ. तेवढ्यात रखवालदार चहा पिऊन परतला आणि आम्ही पळालो.

घरी येऊन बघतो तर दोन्ही हात काळे. रॉकेलने घासले. तळवे निघाले, नखं निघेनात. आणि दुसऱ्या दिवशी काय होतं माहितेय? पुण्याला मला मुलगी बघायला जायचं होतं!

आईवडील कोकणात, त्यामुळे मुंबईत माझं सगळं बघायचे ते नायगावचे मामा. याआधी दोन ठिकाणी नकार आला होता. "मुलगा बरा आहे, पण जरा अजागळ वाटतो," असं दोघांनीही कळवलं होतं, एकमेकांशी ओळख नसताना! म्हणून मामांनी या खेपेला आपला लग्नातला काळा कोट पेटीतून काढला. वर नवी पँट, पॉलिश केलेले बूट.

"ह्या वेळेक नाय म्हणाले तर गावाक जाऊन भात लाव," मामांनी बजावलं. "चौथी मुलगी मी बघूचंय नाय."

प्रवासात धूळ फार. कोट खराब व्हायला नको म्हणून सगळा जामानिमा मी एका पिशवीत भरला. पुण्याला उतरून स्टँडवरच कपडे बदलायचे. अंगावर घातला जुना सदरा आणि पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा, पायात झिजलेल्या चपला. माझीच बरं का ही युक्ती!

रविवारी सकाळी स्टँडवर तोबा गर्दी. दोन गाड्या एकामागे एक येऊन लागल्या. दोन्हींची कपाळं काळीकुट्ट. माझ्या ब्रशचे फटकारे मी लांबूनच ओळखले आणि, खोटं कशाला बोलू, छाती फुगली.

मामा काठी टेकत पुढे आले. "वसंता, हेतूर पुण्याची खयची रे? काय दिसणा नाय."

"मामा, पुण्याची नेहमी पुढे लागते. तुम्ही फक्त बघा."

दोघांची जागा पकडायची तर रुमाल कसा पुरणार? मी सगळी पिशवीच उचलली आणि पुढच्या गाडीच्या खिडकीतून फेकली. अचूक! आतल्या एका टोपीवाल्या आजोबांनी ती उचलून सीटवर नीट मांडूनसुद्धा ठेवली. मी विजयी मुद्रेने दाराकडे गेलो.

दारात कंडक्टर आडवा. "तिकीट?"

मी दाखवलं.

"हे पुण्याचं आहे. गाडी नाशिकची."

"काहीतरीच काय! पुण्याची पुढे लागते."

"मग तुम्हीच चालवा ना गाडी," तो म्हणाला, आणि त्याने घंटी मारली.

मी गाडीबरोबर धावायला लागलो. "पिशवी! अहो, पिशवी!" घसा बसलेला. नुसती हवा! मी दोन्ही हात हलवले. खिडकीतल्या आजोबांना वाटलं, मी त्यांनाच निरोप देतोय. त्यांनी इतक्या प्रेमाने हात हलवून मला निरोप दिला, की मला रडूच यायचं बाकी राहिलं.

मागे मामा पुण्याच्या गाडीच्या दारात उभे. "अरे मेल्या, कोट खय?"

"नाशिकला."

"नाशकाक? माज्या लग्नातलो कोट? तो थय जाऊन काय करतलो?"

परत घरी जाऊन कपडे बदलावेत तर गाडी सुटत होती, आणि मुलीकडे चार वाजताची वेळ दिलेली. बसलो तसाच. मामा माझ्याकडे पाठ फिरवून बसले, ते थेट खंडाळ्यापर्यंत. माझ्या दुसऱ्या बाजूच्या गृहस्थांनी बिडी काढली, माझ्याकडे वळून एकदा हुंगलं आणि ती गुपचूप खिशात ठेवली. रॉकेलचा वास, दुसरं काय! घाटात मामांनी शेवटी आपली काळी टोपी काढून माझ्या डोक्यावर दाबली. ती थेट कानांवर आली.

असा मी रास्ता पेठेत मुलीच्या दारात उभा. पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा, कानापर्यंत टोपी, घसा बसलेला, अंगाला रॉकेलचा वास. मुलीच्या वडिलांनी, म्हणजे भाऊसाहेबांनी, दार उघडलं आणि माझ्याकडे पाहून मामांना विचारलं, "या या. आणि मुलगा मागून येतोय का?"

मामांनी कपाळाला हात लावला. "होच तो."

बसल्यावर मामांनी पिशवीची सगळी हकिगत सांगून टाकली. ऐकता ऐकता भाऊसाहेबांचा चेहरा लाल व्हायला लागला. आणि तेव्हा मला कळलं, की मामा ज्यांना नुसतं 'सरकारी नोकरीत' म्हणायचे, ते पुण्याच्या मोटार स्टँडवर कंट्रोलर!

"कालपासून डोकं फिरलंय माझं," ते म्हणाले. "दादरच्या दोन गाड्या कुणीतरी पार काळ्या करून ठेवल्यात. गावाचं नावसुद्धा पुसलंय! अहो, चळवळ आम्हालाही हवी आहे. पण काल रात्री नाशिकच्या श्राद्धाला निघालेले एक भटजी माझ्या स्टँडवर उतरले. त्यांना मी काय उत्तर देऊ? कोण गाढव असेल हो हा?"

आता इथे गप्प बसावं की नाही? पण नाही! मुलीच्या बापाच्या मनात भरायचं होतं ना मला! मी टोपी सावरली आणि बसक्या आवाजात म्हणालो, "अगदी बरोबर बोललात. काही काही लोकांना जबाबदारीची जाणीवच नसते. अशांना धरून चोपलं पाहिजे."

"वा!" भाऊसाहेब खूश झाले. "मुलगा समजूतदार आहे हं."

मामांनीही पहिल्यांदाच माझ्याकडे जरा मायेने पाहिलं. मला वाटलं, जमलं! लेंग्यावर जमलं!

तेवढ्यात मुलगी पोहे घेऊन आली. कुसुम तिचं नाव. कॉलेजात शिकत होती. तिने बशी पुढे केली, मी दोन्ही हातांनी घेतली. ती हलेना. मी हळूच वर पाहिलं, तर ती माझ्या नखांकडे बघत होती. दहाच्या दहा नखं, एका रांगेत, काळी कुळकुळीत.

"रॉकेलने निघत नाही ते," ती शांतपणे म्हणाली. "वास तेवढा राहतो. खोबरेल तेल लावून ठेवायचं. आणू का?"

भाऊसाहेबांचा चमचा हवेतच. त्यांनी आधी माझ्या नखांकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. मामा छताकडे बघायला लागले. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मी लेंग्यासकट आत जावं.

"तुला गं काय ठाऊक, कशाने निघतं ते?" भाऊसाहेबांनी मुलीला विचारलं.

"परवा आम्हीही फासलं ना. कॉलेजच्या मुलींनी, तुमच्याच स्टँडवर."

भाऊसाहेबांना असा ठसका लागला म्हणता! मामांनी पाठ चोळली, पाणी दिलं.

"पण आमच्यामुळे कुणी चुकलं का, बाबा?" कुसुम म्हणाली, आणि मग माझ्याकडे वळली. "आम्ही आधी वाचलं, मग फासलं."

मी बशीत मान घातली. पोहे खाल्ले.

तिसऱ्या दिवशी भाऊसाहेबांनीच नाशिकहून पिशवी मागवून नायगावला पाठवली. आत नाशिकच्या कंडक्टरची चिठ्ठी होती. पिशवी खिडकीजवळच्या सीटवर बसून सुखरूप आली होती, आणि वाटेत लोक उभे राहिले, पण त्या जागेवर कुणी बसलं नव्हतं. बघा, कायदा म्हणजे कायदा! पिशवीच्या तळाशी आणखी एक चिठ्ठी होती. पुण्याचा होकार. का दिला, ते विचारण्याची हिंमत मला अजून झालेली नाही.

पण तेव्हापासून, स्टँडवर गेलो आणि माझा हात सवयीने रुमालाकडे गेला, की ही तो रुमाल काढून घेते, मला दंडाला धरून गाडीच्या पुढ्यात उभं करते आणि चारचौघांत सांगते, "वाचा. मोठ्याने."

आणि मी वाचतो. दोन्ही ओळी.