अर्चूच्या फोटोवरचा हार

अर्चूला जाऊन आज वर्ष झालं, आणि तिच्या फोटोला मी अजून हार घातलेला नव्हता.

भिंतीवरच्याही नाही, मोबाइलमधल्याही नाही.

सकाळी गावाहून धाकट्या भावाचा फोन आला. "दादा, स्टेटसला व्हिडिओ नाही टाकला अजून? पाहुणे विचारतायत. हाराचा टाक."

"टाकतो," म्हणालो आणि फोन ठेवला.

माझी लेक अर्चू मोबाइलवर व्हिडिओ बनवायच्या अॅपचं डिझाइन करायची. कुठलं बटण कुठे असावं, बोट लावल्यावर काय हलावं, हे ती ठरवायची. मी सातवी शिकलेला, चाकणला कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर जन्म गेला. मला काय कळणार त्यातलं? पण रविवारी ती फोन माझ्याच हातात द्यायची.

"अण्णा, दाबा काहीही."

"बिघडलं तर?"

"बिघडू द्या. तुम्ही चुकता तिथेच सगळे चुकतात."

ती सांगायची, व्हिडिओत थर असतात. लेयर. खाली फोटो, त्यावर हार, त्यावर नाव. पण लोकांचा हार नेमका फोटोच्या मागे जायचा. आमच्या काळेवाडीत एकाच्या वडिलांचा तसाच व्हिडिओ फिरला. हार डोक्यामागे. ग्रुपवर लोक हसले.

अर्चू नाही हसली.

"लोक रडत रडत बनवतात हे, अण्णा. हात थरथरतात. तेव्हा तरी अडायला नको."

मग तिने प्रत्येक लेयरची जाड पट्टी केली. बोटाने धरायची, वर-खाली सरकवायची. आणि हार टाकला की तो आपोआप फोटोच्या वर यायचा.

तपासायला फोटो घेतला तो माझा!

तिची आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अगं कार्टे, जित्या माणसाला हार घालतेस?"

मी म्हणालो, "घालू दे. पुढे तिलाच घालायचाय, सराव होईल."

तिघंही हसलो होतो.

नंतर तापाचं निमित्त झालं. दवाखान्यात चालत गेलेली पोर घरी चालत आली नाही.

आज तिचंच अॅप उघडलं. तिचा फोटो निवडला, ऑफिसच्या कार्यक्रमातला, मान तिरकी करून हसतेय तो. हारावर बोट ठेवलं.

मनात म्हटलं, काहीतरी चुकू दे. हँग होऊ दे. म्हणजे भावाला सांगता येईल, जमलं नाही रे, उद्या बघू.

काहीच अडलं नाही. बोट घसरलं, भलतीकडेच लागलं, तरी हार बरोबर तिच्या गळ्यात जाऊन बसला.

एवढं सोपं कशाला केलंस गं?

तिच्या आईने फोन घेतला, पदराने काच पुसली. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "जरा वाकडा झालाय का हो?"

नव्हता झाला.

व्हिडिओ या पोस्टखाली टाकलाय. लेकीच्या नावापुढे श्रद्धांजली लिहायला बापाचा हात धजत नाही.

अर्चू, सांभाळून जा, बाळा.