सुरंगीला गेलेला तारपा

मधू गेल्याचा निरोप वापीच्या दवाखान्यातून आला तेव्हा मी अंगणात पुस्तकं उन्हात घालत होते. पावसाळ्यात सिल्वासात पुस्तकांना बुरशी धरते. पाऊस सरला की ती पापडांसारखी चादरीवर पसरायची आणि राखत बसायचं. निरोप ऐकला आणि आधी पुस्तकं आत घेतली. शेजारचे म्हणाले, बाईला पाझर नाही. नसेल.

मधू माझा धाकटा भाऊ, इथल्या शाळेत मास्तर. नवरा गेल्यावर मी चिपळूणहून त्याच्याकडे आले, तेव्हा पुस्तकं एका कपाटात मावत होती. ऐंशी सालानंतर ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली. मी चौथी शिकलेली, मला धास्ती चुलीतल्या ठिणगीची. रविवारी कारखान्यांतली खानदेशी माणसं वाचायला यायची. वारल्यांनी आपल्या वस्तू आणून दिल्या… कणगी, मासे धरायची टोपली, फुंकून वाजवायचा भोपळ्याचा तारपा. पुढची खोली वाचनालय झाली, मागची संग्रहालय, आणि आम्ही दोघं पडवीत निजू लागलो.

पुस्तक घरी नेता येतं तर वस्तू का नाही, असं मधूचं म्हणणं. भात कापून झालं की सुरंगी गावचा जान्या यायचा आणि नाचासाठी तारपा न्यायचा. तो परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला.

"अरे, फुटला तर?"

"फुटेल. ताई, तू तुझं पोळपाट-लाटणं भिंतीला टांगून ठेवशील का?"

"तू पोळ्या लाटणार असलास तर ठेवीन."

आजारपणात त्याने सगळं घर एका मंडळाला लिहून दिलं, लोकांसाठी म्हणून. तेराव्यानंतर मंडळाचे चिटणीस बघायला आले. तारप्याची काचपेटी रिकामी.

"आजी, वस्तू कुठे आहे?"

"सुरंगीला. नाच संपले की येईल."

"नाही आली तर? मग मागची खोली बंदच करू."

मग मला झोप नाही. बाहेर पाऊल वाजलं की उठून बघायचं. माणूस पाठवून तारपा मागवता आला असता… पण मागवला असता तर मधूचा शब्द मीच मोडला असता. बसून राहिले.

जान्या आला तेव्हा चिटणीस समोरच होते. "बाय, भोपळा फुटला. नवा बसवला," तो म्हणाला.

चिटणिसांनी तारपा उलटसुलट पाहिला. "मग हा मूळचा नव्हेच."

मी म्हटलं, "पुस्तकाचा पुठ्ठा फाटला की मी नवा चिकटवते. पुस्तक दुसरं होतं का?"

त्यांनी तारपा पेटीत ठेवला. खोली उघडी राहिली. काचपेटीला मात्र कुलूप घातलं आणि बजावलं, यापुढे वस्तू बाहेर द्यायची नाही. पुसायला लागते म्हणून किल्ली माझ्याकडे दिली. म्हातारी आहे, सांगितलेलं ऐकेल, असं त्यांना वाटतं.

पुढचं भात कापून जान्या येईपर्यंत मी टिकायला हवी… आता धास्ती तेवढीच.