नऊची मिस्सा आणि आमचा ठराव

रोमला जगभरच्या बिशपांची मोठी सभा भरली आणि यापुढे चर्चच्या कारभारात साध्या माणसांचंही ऐकायचं असं ठरलं. ही बातमी अमरावतीला पोचायला दोनेक वर्षं लागली, आणि आली तीही अकोल्यामार्गे. अकोल्याच्या लोकांनी आपल्या चर्चमध्ये सल्लागार मंडळ काढलं आहे आणि त्याच्या सभेत चहाबरोबर गरम आलुबोंडे देतात, असं कळलं तेव्हा आमच्या लोकांना लोकशाहीची एकदम निकड भासू लागली.

आमचे फादर दक्षिणेकडचे. मराठी पुस्तकांतून शिकलेले, त्यामुळे वऱ्हाडात शुद्ध मराठी बोलणारे ते एकटेच. एका रविवारी त्यांनी जाहीर केलं, "आपण सात जण निवडावेत. त्यांनी मला सल्ला द्यावा. सर्व कुटुंबांची अडचण माझ्यापर्यंत आणावी." शेवटचं वाक्य कुणी ऐकलंच नाही. तोवर सातातले सहा कोण, याची कुजबुज सुरू झाली होती.

मी सातवा. माझं अक्षर वळणदार होतं म्हणून मला चिटणीस केलं. अकलेबद्दल कुणी विचारलं नाही, आणि मीही तो विषय काढला नाही. अध्यक्ष झाले कोर्टातले एक निवृत्त नाझर. तीस वर्षं लोकांना बाहेर थांबवून ठेवण्यात गेली होती, तेव्हा सभा चालवायला याहून योग्य माणूस कुठून मिळणार? बायकांना मंडळात घ्यावं का, असं फादरांनी हळूच सुचवलं. नाझरसाहेब म्हणाले, "त्या फुलं मांडतेतच ना, फादर. अजून काय पायजे?"

पहिल्या दोन सभा अध्यक्षांच्या खुर्चीला हात असावेत की नसावेत यात गेल्या. हात असावेत, असं ठरलं. तिसऱ्या सभेत नाझरसाहेबांनी मूळ दुखण्याला हात घातला.

रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, नऊला असे. फादरांचं प्रवचन धरून सुटायला साडेदहा. तोवर बाजारातल्या मटणाच्या दुकानात मान आणि हाडं तेवढी उरत. हे अर्थात कुणी बोललं नाही. नाझरसाहेब बोलले ते उन्हाबद्दल. "फागुन लागला. म्हाताऱ्या मानसाईले ऊन सोसत नाई. मिस्सा सात वाजता ठेवा." सातही जणांना एकदम म्हाताऱ्या माणसांचा कळवळा आला. मी लिहिलं, 'सर्वानुमते ठराव मंजूर', आणि खाली दोन रेघा ओढल्या. फादर म्हणाले, "सर्वांची संमती आहे ना? दूरच्या लोकांचीही?" आम्ही सातांनी माना डोलावल्या. त्यांनी आमच्यावर विश्वास ठेवला. तरुण होते.

आता खरी गोष्ट सांगतो. आमच्या चर्चची अर्धी माणसं बडनेऱ्याची होती, रेल्वेत गँगमन, पॉइंट्समन असणाऱ्यांची कुटुंबं. ती रविवारी सकाळच्या शटल गाडीनं येत, आणि ती शटल अमरावतीला साडेआठला लागे. त्याआधी गाडी नव्हती. मिस्सा संपली की ही मंडळी बाजाराकडे जात, आणि आमची सभा त्यानंतर व्हरांड्यात भरे. त्यामुळे त्यांच्यापैकी कुणी सभेला असणं शक्यच नव्हतं. त्यांची आठवण सातांतल्या एकालाही झाली नाही. सहा जणांना माफी आहे. मला नाही. कारण त्याच शटलनं दर रविवारी माझ्या सासूबाई येत.

त्या पॉइंट्समनच्या विधवा. आठवड्यातून एकदाच लेकीला आणि सहा महिन्यांच्या नातीला बघत, तेही मिस्सेच्या निमित्तानं. एरवी जावयाच्या घरी उगीच येऊन बसणं त्यांच्या तत्त्वात बसत नसे.

सभा उरकून मी घरी गेलो तेव्हा त्या जेवायलाच बसल्या होत्या. मी मोठ्या रुबाबात ठरावाची वही उघडून वाचून दाखवली. बायकोच्या हातातलं पोळीचं पीठ तसंच राहिलं.

"सात वाजता?" ती म्हणाली. "अवो, आई कशी येईन? इमानात बसून?"

मी म्हणालो, "सर्वानुमते झालं आहे."

"सर्व म्हंजे कोन? तुमी सात जन?"

सासूबाई शांतपणे भात कालवत होत्या. घास गिळून म्हणाल्या, "जवाईबापू, अक्षर मोठं देखनं हाये तुमचं. येक सांगा. रईवारची मिस्सा चुकवनं पाप हाये का नाई?"

"आहे."

"मंग माह्यी चुकली, तं ते पाप माह्यं का तुमच्या मंडळाचं?"

मी पाणी प्यालो. बराच वेळ प्यालो.

पुढच्या रविवारी सातची मिस्सा थाटात झाली. बाकं अर्धी रिकामी होती, पण नाझरसाहेबांना त्यात शिस्त दिसली. साडेआठनंतर आम्ही व्हरांड्यात फादरांची वाट बघत बसलो. सभा लवकर आटोपून थेट बाजार गाठायचा बेत होता. तेवढ्यात फाटकातून सासूबाई आल्या. मागे बडनेऱ्याच्या वीस-बावीस बाया आणि काही पुरुष. आमच्याकडे न बघता त्या आत गेल्या आणि कन्फेशनच्या लाकडी पेटीसमोर रांगेत उभ्या राहिल्या. पाप सांगायला आलेल्या माणसाला फादर नाही म्हणू शकत नाहीत. ते बिचारे नाश्ता न करता पेटीत जाऊन बसले.

पेटीत काय बोललं जातं ते कुणाला कळत नाही, कळूही नये. पण बाहेर येणारी प्रत्येक बाई व्हरांड्यातून मुद्दाम हळूहळू जाई, आणि आमच्यासमोर थांबून मागच्या बाईला सांगे.

"काय सांगतलं वं?"

"सांगतलं, मिस्सा चुकली. फादर म्हने, काहून? म्या म्हनलं, मंडळानं ठराव केला."

"मीबी तेच सांगून आली."

"माह्यं तं दुसरं पापच नाई बाप्पा ह्या हप्त्यात!"

नऊ वाजले, साडेनऊ, दहा. नाझरसाहेब घड्याळ काढत आणि ठेवत. फादर आल्याशिवाय सभा नाही, आणि सभा सोडून सगळ्यांत आधी उठणार कोण? खुर्चीचे हात त्यांनी घट्ट धरले होते. दुकानातलं मटण आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर कमी कमी होत गेलं.

अकरा वाजता फादर बाहेर आले. चेहरा उतरलेला. म्हणाले, "आत मला काय सांगण्यात आलं, हे मी कुणालाही सांगू शकत नाही. परंतु मला अतिशय भूक लागली आहे. मंडळाचा काही सल्ला आहे का?"

मी दारात पाहिलं. बायको पोरीला कडेवर घेऊन उभी होती. मी उभा राहिलो आणि आयुष्यातलं पहिलं शौर्य केलं, तेही अर्ध्या आवाजात. म्हणालो, "गाडीची वेळ आम्ही कुणी विचारलीच नव्हती. मिस्सा नऊलाच ठेवावी."

नाझरसाहेब म्हणाले, "चिटनीस, मंजूर ठराव येका हप्त्यात बदलता येत नाई."

"निर्णय मी घेतला होता, मीच बदलतो," फादर म्हणाले. "मिस्सा नऊ वाजता. आणि चिटणीस, हे बडनेऱ्यात घरोघरी जाऊन तुम्ही स्वतः सांगायचं. हे प्रायश्चित्त समजा."

बुधवारी कचेरीतून अर्धी रजा टाकून मी बडनेऱ्याला गेलो. रेल्वे क्वार्टरच्या दोन ओळी. प्रत्येक दारात चहा आणि एकेक टोमणा. एकानं विचारलं, "या मंडळाचं काम तरी काय हाये, भाऊ?" मी म्हणालो, "सगळ्यांच्या अडचणी फादरांपर्यंत पोचवायच्या." तो इतका हसला, की शेजारचे बाहेर आले.

शेवटचं दार सासूबाईंचं. त्यांनी बाज टाकली, पाणी दिलं, नातीचं दात येणं विचारलं. मग म्हणाल्या, "बरं झालं सांगतलं. आता पुढच्या सभेत आमच्या गाडीच्या मानसाईतलं कोन बसते, ते सांगा."

मी म्हणालो, "मंडळात सातच जागा आहेत."

"मंग तुमची द्या."

त्या हसत नव्हत्या. रविवारी मिस्सेनंतर मी वही त्यांच्या हातात दिली आणि पोरीला सांभाळत फाटकाजवळ उभा राहिलो. व्हरांड्यात त्या नाझरसाहेबांच्या शेजारी बसल्या होत्या. वही उघडलेली नव्हती. लिहिता त्यांना येत नव्हतं. पण त्या बोलत होत्या, आणि फादर ऐकत होते.