ओव्हाळांची धक्कास्टार्ट व्हॅन

सुखदेवराव ओव्हाळ यांनी आयुष्यात दोनच मोठे निर्णय स्वतःच्या डोक्यानं घेतले आणि दोन्ही वेळा डोकं घरी विसरलं होतं, असं ते स्वतःच सांगत. पहिला, शॉर्टहँड शिकण्याचा. दुसरा, व्हॅन घेण्याचा. कॉम्प्युटर आल्यावर शॉर्टहँडचा विषय आपोआप मिटला. व्हॅनचा मात्र चौदा वर्षं मिटला नाही.

तेव्हा ते सेंट्रल बिल्डिंगमधल्या एका सरकारी खात्यात होते आणि येरवड्यात चढावरच्या घरात राहत होते. घरात बायको राधा, आई मुक्ताई, मुलगा अभय, मुलगी आम्रपाली, धाकटा भाऊ दशरथ, त्याची बायको आणि त्यांची निकिता. एवढं लटांबर कुठं लग्नाला निघालं की दोन रिक्षा आणि एक पीएमटी लागायची. पहिली तुकडी जेवून हात धुवायची तेव्हा शेवटची तुकडी मांडवात शिरायची. वडिलांनी दापोडीच्या वर्कशॉपमध्ये जन्मभर एसटीच्या गाड्या दुरुस्त केल्या आणि स्वतः सायकलवर गेले. सुखदेवरावांच्या मनात फार दिवस एकच चित्र होतं. सगळं घर एका गाडीत, आणि पुढे स्टिअरिंगवर आपण. बाकी काही नको होतं त्यांना. घराला नेणारा माणूस व्हायचं होतं.

नव्वदनंतर जो तो काही ना काही घ्यायला लागला होता. नवी गाडी खिशाला झेपणारी नव्हती, म्हणून मार्केट यार्डातल्या बद्रीनाथशेठ नावाच्या लसणाच्या व्यापाऱ्याची वर्षभर वापरलेली व्हॅन बघायला ते गेले. शेठ म्हणाले, "गाडी फक्त मांजरीपर्यंत जाऊन येते. घरच्यासारखी ठेवलीय." सुखदेवरावांनी पुढची सीट उचलून खालचं इंजिन बघितलं, दोनदा 'हं' म्हटलं आणि सीट परत ठेवली. एवढीच त्यांची परीक्षा. गाडी पास झाली.

ती घरी आली ती लसणाचा वास घेऊनच. राधाबाईंनी आतून फिनेल मारलं, मुक्ताईंनी लिंबू फिरवलं, आम्रपालीनं आपल्या पावडरचा अख्खा डबा रिकामा केला. पावसाळ्यात लसूण पुन्हा वर यायचा. कुठल्याही समारंभात ओव्हाळ आलेत हे लोकांना डोळे मिटून कळायचं. सुखदेवराव म्हणत, माणसाची ओळख कशानं तरी राहिली म्हणजे झालं.

दुसऱ्या वर्षी सेल्फ गेला. म्हणजे किल्ली फिरवली की गाडी नुसती 'कट्' म्हणायची आणि गप्प बसायची. चौकातल्या गॅरेजवाल्या शकीलनं सांगितलं, "ओव्हाळसाहेब, नवा सेल्फ टाका. मग बघायलाच नको."

"जुनाच वाइंडिंग करून बसव," सुखदेवराव म्हणाले.

"परत जाईल."

"जाऊ दे. घरात माणसं आहेत की धक्का द्यायला. फुकट."

शकीलनं खांदे उडवले. तो वाइंडिंग केलेला सेल्फ सहा महिन्यांनी गेला, पुन्हा केला, पुन्हा गेला. मग कार्बुरेटर, मग क्लच प्लेट, मग पेट्रोल परवडेना म्हणून गॅसचं किट, आणि गॅसच्या किटमुळे पुन्हा कार्बुरेटर. एवढ्यात चार नवे सेल्फ आले असते. पण सुखदेवरावांच्या हिशेबात धक्का फुकट होता, आणि फुकट गोष्ट सोडायला त्यांचा जीव होत नसे.

मग धक्क्याची रीत ठरून गेली. सुखदेवराव स्टिअरिंगवर बसत, दुसरा गिअर टाकत, क्लच दाबून समोर बघत. मागे दशरथ आणि अभय. बाजूला राधाबाई आणि जाऊबाई, पदर खोचून. गाडी उतारावर लागली की ते क्लच सोडत, व्हॅन एक गचका खाऊन चालू व्हायची. आता नियम असा, की चालू झालेली गाडी थांबवायची नाही. थांबली की मेली. म्हणून सगळ्यांनी पळत येऊन सरकत्या दारातून आत उड्या मारायच्या. दाराशी मुक्ताई बसलेल्या असत. त्या एकेकाचा हात धरून आत ओढत. मागे वळून न बघता सुखदेवराव विचारत, "बसले का सगळे?" आणि मागून धापा टाकत उत्तर येई, "बसले."

हा प्रश्न विचारताना त्यांची छाती भरून यायची. आपण एवढी माणसं नेतोय.

दर एक जानेवारीला हे कुटुंब भीमा कोरेगावच्या जयस्तंभाला मानवंदना द्यायला जाई. पांढरे कपडे, डब्यात पुरीभाजी, पुढच्या काचेवर निळं निशाण. नगर रस्त्यावर मुंगीच्या पावलानं रांग चालायची आणि वाघोलीच्या आसपास व्हॅन हमखास मान टाकायची. मग रांगेतली अनोळखी माणसंही "जयभीम दादा, लावू का हात?" म्हणत पुढे यायची. सुखदेवराव आतूनच हात जोडायचे. एखाद्या पाहुण्याचा सत्कार चालावा तसे ते बसून राहायचे, आणि त्यात काही चुकतंय असं त्यांना कधी वाटलं नाही.

ऑफिसात कुणी विचारलं, "ओव्हाळ, ॲव्हरेज किती देते हो?" की ते बेधडक "अठरा" म्हणत. ही काही अगदीच थाप नव्हती. त्यातलं किती अंतर गॅसवर आणि किती घरच्यांच्या पायांवर, हे वेगळं काढता येत नव्हतं इतकंच.

पुढे पुणं बदललं. खराडीत काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि त्यातल्या एकीत अभय कॉम्प्युटरसमोर बसू लागला. दशरथ घर बांधून मांजरीला गेला. मुक्ताई गेल्या. त्या गेल्यावर महिनाभर दाराजवळच्या त्या सीटवर कुणी बसलं नाही. मग हळूहळू व्हॅनमध्येच कुणी बसेना. अभयनं वाघोलीत फ्लॅट बघायला घेतला तेव्हा बिल्डरचा माणूस क्लबहाउस दाखवत होता आणि सुखदेवराव विचारत होते, "इथं उतार कुठल्या बाजूला आहे?" त्याला वाटलं पाण्याच्या निचऱ्याचं विचारतायत. तो अभिमानानं म्हणाला, "सर, एकदम लेव्हल आहे." सुखदेवरावांचा चेहरा पडला. फ्लॅट घेतला गेला. सोसायटीचं आवार कॅरमबोर्डासारखं सपाट होतं.

व्हॅनच्या नोंदणीची पंधरा वर्षं संपत आली तेव्हा अभय म्हणाला, "बाबा, बास आता. भंगारात देऊ. तुम्ही माझ्या गाडीत बसा, पुढच्या सीटवर, एसीत."

"शेजारी बसू?"

"मग काय झालं?"

काय झालं ते सुखदेवरावांना सांगता येईना. रिटायर व्हायला वर्ष उरलं होतं. ऑफिसात नवे लोक शॉर्टहँड म्हणजे काय ते विचारत. घरातली खरेदी आम्रपाली बँकेतून येताना करून टाकी. एक स्टिअरिंगच काय ते हातात उरलं होतं, तेही गेलं तर आपण घरात नेमके कोण, हा प्रश्न त्यांना रात्रंदिवस खात होता. ते हट्टाला पेटले. शेवटी अभयच वैतागून म्हणाला, "ठीक आहे. या एक जानेवारीला ही धक्क्याशिवाय कोरेगावला पोचली तर नवं पासिंग मी करून आणतो. धक्का लागला तर भंगार. कबूल?"

"कबूल," सुखदेवराव म्हणाले. त्याच आठवड्यात त्यांनी शकीलकडे जाऊन सेल्फचं पुन्हा एकदा वाइंडिंग करून घेतलं.

एक जानेवारीला अभय आणि आम्रपाली सकाळीच नव्या गाडीतून पुढे गेले. दशरथ मांजरीहून परस्पर येणार होता. राधाबाई मात्र नेहमीसारख्या पांढरं पातळ नेसून व्हॅनमध्ये शेजारी येऊन बसल्या. सुखदेवरावांनी मनातल्या मनात वंदन केलं आणि किल्ली फिरवली.

"कट्," व्हॅन म्हणाली.

त्यांनी पुन्हा फिरवली. पुन्हा कट्. एकतीसची पार्टी करून सगळी सोसायटी गाढ झोपलेली होती. वॉचमन भैरूला गेट सोडायची परवानगी नव्हती. अभयला फोन लावायला सुखदेवरावांचा हात धजेना.

"उतर जरा," शेवटी ते म्हणाले. "हळूच धक्का दे. कुणी बघत नाहीये."

राधाबाई उतरल्या. पण मागे न जाता त्यांनी सरकतं दार उघडून ठेवलं आणि वळसा घालून त्यांच्याच दाराशी आल्या. "अहो, तुम्ही उतरा."

"मी?"

"माझा गुडघा धक्का द्यायच्या कामाचा राहिला नाही. मी आत बसते."

"तुला काय येतंय त्यातलं?"

"चौदा वर्षं तुमच्या पायांकडं बघतेय शेजारी बसून. शिवाय आम्रपालीनं क्लासला घातलं होतं मला. लायसन आलंय दिवाळीत. सकाळी फिरायला जाते म्हणायचे ना, ते तिकडं."

सुखदेवरावांचं तोंड उघडंच राहिलं. "आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही ऑफिसात कुणाला ॲव्हरेज खरं सांगितलंत?"

ते उतरले आणि मागे गेले.

मागच्या काचेखालचा रंग उडाला होता, हे त्यांना माहीत होतं. उन्हानं गेला असेल, असं ते दर वेळी गाडी पुसताना म्हणत. आता हात टेकवायला जागा बघताना त्यांना दिसलं की ऊन असं जोडीजोडीनं रंग नेत नाही. तळव्यांची एक जोडी वर होती, दशरथच्या उंचीची. तिच्या खाली एक लहान, अभय शाळेत होता तेव्हाची, आणि तिथून वर सरकत गेलेली पुसट खूण. बाजूच्या पत्र्यावर, दाराच्या मागे, राधाबाईंच्या तळव्याएवढा पत्रा उघडा पडला होता. त्यांच्या स्वतःच्या हाताची खूण कुठेच नव्हती. आपण एकदाही, चुकूनसुद्धा, ही गाडी ढकललेली नाही, हे सुखदेवरावांना त्या क्षणी कळलं आणि त्यांना फार लाज वाटली. चौदा वर्षं आपण घराला नेतोय म्हणून ते छाती फुगवत होते, आणि घर त्यांना ढकलत होतं.

त्यांनी दशरथच्या जागी हात ठेवले आणि जोर लावला. व्हॅन जागची हलली नाही. पुन्हा लावला. कान तापले, चष्मा नाकावर घसरला. एवढी जड आहे ही? कुणी कधी बोललं कसं नाही? बोललं असेल. मागचं बोलणं पुढं ऐकू येत नसे. तिसऱ्यांदा त्यांनी खांदा लावला तेव्हा व्हॅन सरकली, मग चालली, मग त्यांना तिच्यामागे पळावं लागलं. क्लबहाउसच्या कोपऱ्यावर राधाबाईंनी क्लच सोडला. एक गचका बसला, आणि इंजिन चालू झालं.

शर्त हरली होती. सुखदेवरावांना ते आठवलंसुद्धा नाही, कारण व्हॅन पुढे चालली होती.

"अगं थांब," ते ओरडले.

"थांबायचं नाही," राधाबाई आतून म्हणाल्या. "थांबली की मेली. पळा."

सत्तावन्न वर्षांचे सुखदेवराव ओव्हाळ पांढऱ्या सदऱ्यात, धापा टाकत, सोसायटीच्या गोल रस्त्यावर व्हॅनच्या उघड्या दारामागे पळाले. भैरूनं गेट उघडून ठेवलं आणि सलाम ठोकला. दाराची कड दोनदा हातातून निसटली. आत ओढायला मुक्ताईंचा हात नव्हता, म्हणून त्यांनी त्यांच्याच सीटचा दांडा धरला आणि कसेबसे आत पडले. सीटला अजून लसणाचा वास होता. दार ओढून घेऊन ते आईच्या जागेवर बसून राहिले, आणि श्वास काही केल्या खाली बसेना.

व्हॅन नगर रस्त्याला लागली. समोर निळ्या निशाणांची रांग दिसत होती. राधाबाईंनी मागे वळून न बघता विचारलं, "बसले का सगळे?"

मागे एकटेच सुखदेवराव होते.

"बसले," ते म्हणाले.