मालाम्यूटचे मोजे

अमेरिकेत शॉमबर्गला मुलाकडे राहायला आले, ती माझी तिथली पहिलीच थंडी. शेजारच्या गोऱ्या म्हाताऱ्याकडे पाच कुत्री होती. चार हस्की, निळ्या डोळ्यांची, सडसडीत. आणि एक मालाम्यूट, वासराएवढा, थोराड पायांचा. हस्की पळायला, मालाम्यूट ओझं ओढायला, असं मुलगा सांगायचा. सगळी अंगणात बर्फातच झोपायची. तिथूनच मला त्या माणसाचा संशय यायला लागला.

एका शनिवारी तो आम्हाला गावाबाहेरच्या शेतावर घेऊन गेला. नातीला स्लेडवर, म्हणजे बर्फावरून घसरत जाणाऱ्या बिनचाकी गाडीवर, फिरवणार होता. बघते तर कुत्र्यांच्या पायांत कापडी मोजे.

"हे कशाला रे?"

"बर्फाने पाय कापतात, आई."

"आणि ओढायला त्यांना आवडतं म्हणे."

"खरंच आवडतं!"

"बैलाला कधी विचारलं होतं का कुणी?"

मुलगा हसला. मी नाही हसले. माझ्या वडिलांनी एकदा बाजारातून झूल घातलेला बैल आणला होता. घरी झूल काढली, तर पाठीवर तळहाताएवढी जखम. तेव्हापासून झाकलेलं जनावर मी उघडून बघते. आणि आता तर नात बसायची होती.

मुलगा आणि म्हातारा नातीला घेऊन कॉफी घ्यायला मोटारीकडे गेले, तशी मी मालाम्यूटपाशी बसले. पुढचे दोन्ही मोजे काढले, बोटांच्या बेचक्या दाबून बघितल्या. काही नव्हतं. त्याने माझं मनगट चाटलं. मोजे परत चढवले, पण एकाची चिकटपट्टी काही नीट बसेना. तेवढ्यात म्हातारा येताना दिसला. मी उठले.

नातीला मांडीवर घेऊन मलाही स्लेडमध्ये बसवलं. म्हातारा मागे उभा राहिला. सुटायच्या आधी कुत्र्यांनी नुसता गोंधळ घातला होता, आणि सुटल्याबरोबर सगळी गप्प. फक्त धापा आणि खाली बर्फाची घसघस. नात ओरडत होती. मी मात्र त्या एका पायाकडे बघत होते.

वळणावर मोजा उडाला. मला दिसला, आणि मी बोलले नाही. बोलले तर कळलं असतं. थोड्या वेळाने बर्फावर लाल ठिपके दिसायला लागले.

"थांबव!" मी ओरडले.

"स्टॉप!" नात ओरडली.

म्हातारा पाय हातात घेऊन बघत बसला. मग नातीला काहीतरी म्हणाला.

"आजी, विचारतायत, हा मोजा कुणी काढला का?"

"मी काढला म्हणून सांग."

"व्हाय, आजी?"

"सांग, मला वाटलं हे जखम झाकतायत."

तिने सांगितलं. त्याने कुत्र्याला सोडवलं, आम्हाला उतरवलं आणि आमच्या जागी त्याला बसवलं. आम्ही दोघी मागून चालत आलो. मोटारीपाशी तो माझ्या मुलाशी बराच वेळ बोलला.

"काय म्हणाले रे?"

"काही नाही, आई. मोजाच तो, निघतो कधीकधी."

एवढंच बोलायला इतका वेळ लागत नाही.