टकलावरचा चौकोन

माझा मामा हौशी नाटकांत काम करायचा आणि सगळं चेहऱ्याने करायचा. चहा मागायचा असला तरी आधी भुवया पुढे यायच्या. निवृत्तीनंतर या माणसाने नोकरी मिळवली तीही नटाची, पण अशी की चेहरा कुणाला दिसूच नये.

एका रिकाम्या वाहनतळावर वर ड्रोन घिरट्या घालायचा आणि खाली मामा गाडीत बसायचा, उतरायचा, डिकीतून खोकं काढायचा. वरून दिसणारा माणूस काय करतोय, हे ओळखायला कॉम्प्युटरला ते चित्रीकरण बघून शिकायचं होतं. "जन्मभर चेहरा राबवला," मामा म्हणायचा, "आणि कामाला आलं ते टक्कल!"

सगळं जमलं, एक सोडून. बॅग जमिनीवर ठेवायची आणि मागे न बघता भिंतीआड निघून जायचं. बेवारस बॅग कशी टाकतात, ते मशीनला कळायला हवं होतं. मामा दर वेळी वळायचा. लग्नापासूनची सवय. घरातून निघाला की कोपऱ्यावरून वळून बघायचा, खिडकीतून मामी हात हलवायची, मगच स्वारी पुढे. साहेब ओरडायचे, "पुन्हा! मागे बघायचं नाही!" मामाने ते मनावर घेतलं, घोटून घोटून सवय मोडली, आणि कोपऱ्यावरही वळेनासा झाला.

"मी काय बेवारस बॅग आहे?" मामी विचारायची. "उद्या नक्की," तो हसून म्हणायचा.

एके दिवशी तसाच न बघता गेला, आणि परतताना बसमध्ये बसल्या जागी संपला.

तेव्हापासून मामी रोज त्याच वेळी खिडकीत उभी. समजावून मी थकलो, चिडलोसुद्धा. शेवटी ती म्हणाली, "त्या दिवशी माझा हात हलवायचा राहिला रे. हे वळून बघायचे, ते चित्रीकरण असेल ना तिथे? एकदा दाखव."

मी तिला कंपनीत घेऊन गेलो. पडद्यासमोरची मुलगी भली होती. "काकू, चुकलेलं सगळं पुसून टाकतात हो. बरोबर आलेलं तेवढंच आहे."

"तेच लाव," मामी म्हणाली.

उन्हात चमकणारं टक्कल. भोवती मशीनने आखलेला हिरवा चौकोन, वर लिहिलेलं: माणूस. त्याने बॅग ठेवली आणि चालू लागला. "आता वळतील. आता," मामी पुटपुटत होती. वळणार नाही हे माहीत असून मीही जीव मुठीत धरून बघत होतो. तो भिंतीआड गेला.

चौकोन मात्र गेला नाही. रिकामाच, मामाच्याच संथ चालीने भिंतीवरून सरकत राहिला. वर अजून तेच: माणूस.

"हे काय गं?" मामीने विचारलं.

"कुणी दिसेनासं झालं तरी मशीन लगेच सोडत नाही, काकू. पलीकडून बाहेर येईल म्हणून थोडा वेळ वाट बघतं."

"थोडा म्हणजे किती?"

मुलगी काही बोलायच्या आत चौकोन विझला.

"पुन्हा लाव," मामी म्हणाली. "आणि विझायच्या आधी थांबव."

मुलीने थांबवलं. मामी खुर्चीतून उठली, पदर सारखा केला आणि त्या रिकाम्या चौकोनाकडे बघून हात हलवला.