लंगड्या देवचाराची वाट

आमच्या वाडीचा देवचार लंगडा होता. हसू नका! बाकीच्या गावांचे देवचार हातात काठी घेऊन धडधाकट पायांनी शीव राखतात, आमचा तेवढा डाव्या पायाने अधू. पुरावा होता ना! दर शिमग्याला राईतल्या त्याच्या दगडापुढे कोऱ्या चपला ठेवायच्या. वर्षभर त्या घालून तो राईतली वाट राखतो, अशी समजूत. पुढच्या शिमग्याला त्या उचलून तळ बघायचे. झिजलेले असले की देवचार चालला, वाट जिवंत. आमच्याकडे डाव्या चपलेची टाच बाहेरच्या अंगाने नेहमी जास्त झिजलेली निघायची.

आमच्याच वाडीतले इनासमामही डाव्या पायाने लंगडत. तरुणपणी गलबताच्या डोलकाठीवरून पडले होते. पण वाडीतल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात उजेड पडला नाही. पडणार कसा? इनासमाम ख्रिस्ती, रविवारचं चर्चमधलं मिस कधी न चुकवणारे. त्यांचा आणि देवचाराच्या चपलांचा संबंध कोण जोडणार?

तसे ते राईत शिरताना हाक मात्र घालायचे, "येतंय रे, वाट दी!" आणि दगडापुढे एक मेणबत्ती लावून पुढे जायचे. कुणी चिडवलं, "मामा, देवचार बाटलो काय?" तर म्हणायचे, "देवचार तुमचो असात, पण वाट सगळ्यांची आसा." आणि खरंच होतं ते. झऱ्याचं पाणी, शाळा, मालवणच्या बाजाराचा रस्ता, सगळं राईपलीकडे. ती वाट नसती तर डोक्यावर हंडे घेऊन आम्ही बायकांनी अख्ख्या डोंगराला वळसा घातला असता.

भाऊशेट मुंबईहून पैसा घेऊन आले आणि राईच्या दोन्ही अंगांना आंब्याची कलमं लावू लागले. मधली वाट त्यांच्या डोळ्यांत खुपली. आमचे पुरुष कचेरीत गेले, तर कारकून म्हणाला, "नकाशात इथे वाट दाखवलेली नाही." झालं! वाडीचं तोंड उतरलं. पण भाऊशेट पडले याच मातीतले. मुंबईत राहून देवचाराची भीती थोडीच जाते? चारचौघांत म्हणाले, "तो चालता तवसर मी हात लावचंय नाय. पण ज्या शिमग्याक चपलो कोऱ्यो गावतीत, त्या दिवशी चिऱ्यांचो गडगो घालून वाट बंद करतलंय."

मी तेव्हा नवी सून. एका दुपारी झऱ्यावर गेले तर इनासमाम पाय धूत बसलेले. जन्मभर अनवाणी हिंडलेला माणूस, आणि अंगठ्यापाशी चपलेच्या पट्ट्याने सोललेलं, पाण्याबरोबर रक्त येत होतं. मी पायाकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे.

"काय बघतंस गो सुने?"

"काय नाय."

"तेंच बरां," ते म्हणाले. मग पाय पुसता पुसता, "वाटेर पाय पडले नाय तर वाट मरता गो."

घरी येऊन चुलीपुढे मी पोट धरधरून हसले. वाडीचा देवचार मिसाला जातो! पण नवऱ्यालासुद्धा बोलले नाही.

पुढे काही वर्षांनी, एका शिमग्याच्या तोंडावर, मामा तापाने गेले. त्याच वाटेने त्यांना नेलं. त्यांच्यासाठी रडू की वाटेसाठी, मला कळेना. शिमग्याला जुन्या चपला झिजलेल्या निघाल्या, नव्या ठेवल्या गेल्या. यंदा त्यात पाय घालणार कोण, हे फक्त मला ठाऊक होतं. कोणीच नाही. भाऊशेटनी तर आज ना उद्या गडगा घालायचाच म्हणून राईच्या तोंडाशी चिरे आणून रचलेसुद्धा.

मग मीच घालायच्या, असं ठरवलं. ठरवलं खरं, पण धीर कुठला! आज जाईन, उद्या जाईन करता करता वर्ष सरलं. शेवटी शिमगा उद्यावर आला, तेव्हा भर दुपारी गेले. निदान दगडावर घासून तळ खरवडावे म्हणून चपला उचलल्या.

पट्टे घामाने काळे पडले होते. तळ झिजलेले. डावी टाच बाहेरच्या अंगाने जास्त.

भीती वाटली, खोटं कशाला बोलू? आणि भीतीच्या खाली कुठेतरी इतकं बरं वाटलं की तिथेच बसून रडले. दुसऱ्या दिवशी भाऊशेटनी चपला उलटून बघितल्या, कपाळाला लावल्या आणि घरी गेले. त्यांचे चिरे अजून तिथेच आहेत, शेवाळ धरून.

आता मी म्हातारी झाले. ही गोष्ट सांगितली की कुणी म्हणतं, दुसऱ्या कुणालातरी मामांचं गुपित ठाऊक असणार. असेल बाई! मी मात्र राईत शिरताना हाक घालते, "येतंय हां, मामा!" आणि पदर सावरून घडीभर वाटेच्या कडेला उभी राहते. समोरून मोठं माणूस येत असलं, तर सुनेने आधी त्याला वाट द्यायला नको?